लाडवाच्या डब्यातली टॉर्च

“नवीन टॉर्च? कशाला? ही आहे की! हिला फक्त सेल हवेत, ते मी टाकतो. तू रविवारी बघच, पाहुण्यांचे डोळे दिपतील!”

गुरुदत्त सामंत हे बायकोला म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात एक जुनीपुराणी, पिवळी, चार्जिंगची टॉर्च होती. पाहुण्यांचे डोळे दिपवणारी टॉर्च घरात कशासाठी हवी, असा प्रश्न तुम्हाआम्हाला पडेल. सामंतांना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांना थेट उत्तरं सुचतात, आणि ती सुचली की सुहासिनीबाई आधी जाऊन गॅस बंद करतात.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या अंगाला अनुपम सोसायटी आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहतं. सामंत मूळचे कुडाळकडचे, नोकरी ठाण्यातल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये. कोणी काही टाकायला निघालं की त्याचा हात धरायचा, हेच त्यांनी जन्मभर केलं. आता रिटायर झाले तरी हात धरणं सुटलेलं नाही. त्यांची बाल्कनी एकदा बघा! पंख्याची पाती, मिक्सरची भांडी, मेलेल्या मोबाइलांचे चार्जर, तीन पायांचं टेबल आणि त्याचा चौथा पाय, वेगवेगळ्या पिशव्यांत. खालून भंगारवाल्याची आरोळी आली की सुहासिनीबाई मोठ्या आशेने बाल्कनीकडे बघतात, आणि सामंत पटकन बाल्कनीचं दार लावून घेतात.

“अहो, पण त्या टॉर्चला झालंय काय?”

“आतली बॅटरी फुगलीय. म्हातारी झाली बिचारी.”

“मग द्या की टाकून!”

“अगं, म्हातारं झालं म्हणून कोणी टाकून देतं का?”

हे त्यांनी असं काही लागट आवाजात म्हटलं की सुहासिनीबाई उठून आत निघून गेल्या. कारण घरात त्या आठवड्यात नेमका तोच विषय चालू होता.

झालेलं असं. सामंतांचा एकुलता एक मुलगा सुशांत ठाण्यात नोकरीला. तिथेच त्याला कल्पिता आहेर भेटली. मुलगी गोड, हसरी, सामंतांना तर पहिल्या भेटीतच पसंत, कारण तिने त्यांच्या हातातला उघडलेला घंटीचा स्विच बघून “काका, हा कसा चालतो?” असं विचारलं होतं. आजवर त्यांना हे कोणीही विचारलं नव्हतं! लग्न ठरल्यातच जमा होतं. घोडं अडलं एका गोष्टीवर: राहायचं कुठे? कल्पिताच्या आईचं, नीरजाताईंचं म्हणणं, पोरांनी ठाण्यातच भाड्याने घर घ्यावं. “डोंबिवलीत, ते पण मानपाड्याला? तिथे वास येतो म्हणे. आणि केमिकलच्या कंपन्या फुटतात!”

सुशांत म्हणाला, “काकू, आधी एकदा घर बघा तरी. मग ठरवू.”

म्हणून रविवारी संध्याकाळी मुलीकडचे घर बघायला येणार होते. सामंतांनी मागची खोली रंगवून घेतली. रंग स्वतः निवडला, मग सुहासिनीबाईंनी तो बदलून घेतला. नवे पडदे आले, कपाट आलं. सामंतांना मुलगा घरातून जायला नको होता, सरळ गोष्ट आहे. रिटायर झालेल्या माणसाचा दिवस फार लांब असतो हो! संध्याकाळी सुशांत यायचा, बूट काढता काढता विचारायचा, “काय बाबा, आज काय उघडलंत?” तेवढ्या एका वाक्यासाठी सामंत दिवसभर काही ना काही उघडून ठेवायचे. आता तेच वाक्य ठाण्याला जायला निघालं होतं.

आणि त्यात ही लाईट! हल्ली संध्याकाळी पाहुणे यायच्या वेळेला हमखास जायची. गेल्या खेपेला अंधारात सुहासिनीबाईंनी शेजारणीच्या चहात साखर म्हणून मीठ घातलेलं. रविवारी तसं काही झालं तर संपलंच! म्हणून त्यांना नवी टॉर्च हवी होती, आणि आपलीच चमकवायची म्हणून सामंत ती आणू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सामंतांनी सुशांतचा जुना, बंद पडलेला लॅपटॉप बाल्कनीतून बाहेर काढला.

“बाबा, त्याची बॅटरी उघडू नका हां,” सुशांत ऑफिसला निघता निघता म्हणाला. “आत लिथियमचे सेल असतात. भडकतात.”

“मला शिकवतोस? तू रांगत होतास तेव्हा मी रेडिओ उघडत होतो!”

“तो अजून उघडाच आहे,” आतून सुहासिनीबाई म्हणाल्या.

सुशांत गेला आणि सामंतांनी बॅटरी उघडली. आतून पेन्सिल सेलपेक्षा जाडजूड, गुबगुबीत सेल निघाले. बरेचसे मेलेले, पण दोन जिवंत! सामंतांचे डोळे पाणावले. आता हे गोल सेल टॉर्चच्या चपट्या खणात मावेनात. म्हणून त्यांनी गॅसवर सुरी तापवून खणाच्या आतल्या पट्ट्या कापल्या. (ती सुरी कांद्याची होती. त्यावरून झालेलं बोलणं मी इथे देत नाही.) सेलच्या टोकाला स्प्रिंग हवी, ती बॉलपेनातून काढली. तार पोचेना, म्हणून सुहासिनीबाईंची साडीपिन सरळ करून लावली. मग चिकटपट्टी, मग रबरबँड, मग पुन्हा चिकटपट्टी. बटण दाबलं आणि काय सांगू, लखलखाट! समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

संध्याकाळी सुशांतने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“बाबा, पेटलीय ते ठीक. पण हिला मागच्या पिनेने चार्ज करू नका. ती पिन जुन्या बॅटरीसाठी आहे. या सेलना वेगळा चार्जर लागतो.”

“अरे, वीज ती वीज! आत कोण बसलंय ते टॉर्चला काय कळतंय?”

“टॉर्चला नाही कळत बाबा, सेलला कळतं!”

सामंतांनी मान हलवली. सुशांतला वाटलं, पटलं. पण ज्याने मुलाचं म्हणणं कधी पटवून घेतलंय असा एक जरी बाप तुम्ही दाखवलात तर मी त्याच्या पाया पडायला येईन.

रविवार उजाडला. दुपारपासून घरात तांदळाच्या घावनांचा घमघमाट. सुशांत कल्पिता आणि तिच्या आईबाबांना घ्यायला स्टेशनवर गेला, आणि सामंतांनी ड्राय बाल्कनीत एक्स्टेंशन बोर्ड ओढून आणला.

“हे काय करताय?”

“थोडं चार्जिंग. ऐन वेळेला मंद पडली तर?”

“सुशांत नको म्हणाला होता ना? फुटलं बिटलं तर?”

“फुटतंय कसलं! बरं, तुझ्या समाधानासाठी डब्यात ठेवतो. मग तर झालं?”

आणि त्यांनी काय करावं? दिवाळीचे लाडू ठेवायचा तो मोठा स्टीलचा डबा घेतला, बोर्ड आणि टॉर्च आत ठेवली, वायरीपुरती फट सोडून झाकण दोन्ही हातांनी दाबून गच्च बसवलं. डबा कपडे धुवायच्या मशीनशेजारी, बाहेर वाळत घातलेले कपडे काढायला ग्रिलचं दार सताड उघडं. आता तुम्हीच सांगा, बॉम्ब करायला बसलेल्या माणसाने याहून वेगळं काय केलं असतं? पण सामंतांना वाटत होतं, आपण खबरदारी घेतोय! एवढ्यात बेल वाजली आणि टॉर्च त्यांच्या डोक्यातून साफ गेली.

नीरजाताई शाळेत शिकवायच्या. उंबरठ्यात पाय ठेवला आणि त्यांनी श्वास घेतला. नुसता घेतला नाही, उत्तरपत्रिका तपासावी तसा तपासला. मग खिडकीपाशी गेल्या आणि पुन्हा एक घेतला. त्यांचे यजमान देवराम आहेर सरळ सोफ्यावर जाऊन बसले. त्यांना सर्दीचा जुना त्रास, वास कसलाच येत नसे, त्यामुळे त्यांचं या विषयावर मतही नव्हतं.

“वास नाही येत हो,” नीरजाताई जरा आश्चर्यानेच म्हणाल्या.

सामंत याच क्षणाची वाट बघत होते. “वास? कसला वास? तो जमाना गेला विहीणबाई!”

सुहासिनीबाईंनी त्यांना कोपर मारलं. अजून कशात काही नाही आणि म्हणे विहीणबाई!

“नाही म्हणजे, ताई, आता इथली हवा म्हणजे महाबळेश्वर! माझी मावसबहीण दम्याची. इथे राहायला आली आणि दमा पळाला!”

अशी कोणी मावसबहीण नव्हती. पण बाप मुलासाठी एक मावसबहीण निर्माण करू शकत नाही का?

घावने आली. देवराम नाशिककडचे, त्यांनी हा प्रकार पहिल्यांदाच खाल्ला. एक संपवलं आणि म्हणाले, “अजून एक.” दुसरं संपवलं आणि म्हणाले, “अजून एक.” त्या संध्याकाळी त्यांची जी काही वाक्यं झाली ती बहुतेक हीच.

मग मागची खोली दाखवली. कल्पिता खिडकीत जाऊन बसली आणि म्हणाली, “आई, इथून पिंपळ दिसतो बघ.” नीरजाताईंनी पडदा हातात घेतला, कापड चाचपलं आणि विचारलं, “पडदे कुठून घेतलेत हो?”

सुहासिनीबाईंनी सामंतांकडे बघितलं. सामंतांनी सुशांतकडे बघितलं. मुलीची आई पडदे कुठून घेतले विचारायला लागली म्हणजे काम झालं! सामंतांच्या छातीवरचा दगड उतरला. त्यांना तिथल्या तिथे रडू येईल असं वाटायला लागलं.

सगळे परत हॉलमध्ये येऊन बसले. नीरजाताईंनी चहाचा कप खाली ठेवला, पदर सारखा केला.

“तसं घर छान आहे,” त्या म्हणाल्या. “माणसं चांगली आहेत. हवेचं मला उगाच वाटत होतं. तेव्हा माझं म्हणणं असं आहे, की कल्पिता आणि सुशांतने लग्नानंतर...”

धडाऽऽम!

खिडक्यांची तावदानं हादरली. भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं. आणि सगळे जागच्या जागी थिजलेले असताना, एका श्वासापुरत्या शांततेनंतर, खालून दुसरा आवाज आला: ठण्णाण्णाण्!

“दुसरा!” कल्पिता किंचाळली.

“कंपनी!” सुहासिनीबाई ओरडल्या आणि गॅस बंद करायला धावल्या.

आता तुम्ही पुण्याचे किंवा नागपूरचे असाल तर तुम्हाला वाटेल, आवाज झाला तर माणूस आधी म्हणेल टायर फुटला, फटाका वाजला, कोणाच्या घरी कुकर उडाला. मानपाड्याला तसं नसतं. इथल्या माणसांनी खरे स्फोट ऐकलेत, घरातल्या काचा झाडून काढल्यात, त्यामुळे इथे मोठा आवाज झाला की मनात एकच शब्द येतो. मग पुढचं कोणी शिकवावं लागत नाही. खिडक्या बंद, गॅस बंद, नाकाला ओलं फडकं आणि खाली मैदानात!

सामंत ड्राय बाल्कनीकडे धावले ते खिडकी लावायला. आणि दारातच थांबले.

लाडवाचा डबा जागेवर होता. त्याचं झाकण नव्हतं. डब्यातून पांढरा, गोडसर, घसा खवखवणारा धूर येत होता, आणि तळाशी, पिवळी होती असं आठवणीनेच म्हणायचं, अशी एक काळी वस्तू फसफसत होती. सामंतांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि तुळशीच्या कुंडीतली माती मुठी भरभरून डब्यात ओतली. फसफस थांबली. पण वास? वास घरभर गेला होता. वास जिन्यात गेला होता. वास आता अख्ख्या अनुपम सोसायटीत हिंडत होता.

“अहो, काय झालं?” हॉलमधून सुहासिनीबाई.

खरं बोलायची वेळ ती हीच होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे नीरजाताईंचा चेहरा आला, त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य आलं, आणि सामंतांच्या तोंडून निघून गेलं: “काही नाही, कंपनीच!”

झालं! एवढ्या एका शब्दाने पुढचं सगळं घडलं.

जिन्यात शिट्टी वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी स्वानंद लेले. हाफ पँट, नाकाला ओला पंचा. “लिफ्ट वापरू नका! म्हाताऱ्यांना आधी! नाकाला ओलं लावा!” दारंच्या दारं उघडली. बायका, पोरं, पिंजऱ्यातला पोपट, कोणाच्या हातात दागिन्यांची पिशवी, कोणाच्या हातात इन्व्हर्टरचं वॉरंटी कार्ड. सुहासिनीबाईंनी पाहुण्यांना ओले नॅपकिन दिले, तेसुद्धा भरतकामाचे, ठेवणीतले. अशा वेळीसुद्धा पाहुण्यांना पोतेरं देणाऱ्यातल्या त्या नव्हेत. देवराम घावनाची बशी घेऊन खाली उतरले.

खाली पार्किंगमध्ये तज्ज्ञांची सभा भरलेली.

“ॲसिडचा वास आहे.”

“छे! रंगाच्या कंपनीचा. मी या लाईनीत काम केलंय. हा डायचा वास.”

“गोडसर येतोय ना? गोडसर म्हणजे फार वाईट. डोळे चुरचुरतायत का?”

“हो!”

“मग गेलंच.”

सामंतांचेही डोळे चुरचुरत होते, पण त्याचं कारण त्यांनाच ठाऊक होतं.

फोन तर विचारू नका. शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं, ‘फेज टूच्या कंपन्यांत दोन मोठे आवाज’. तिसऱ्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं, ‘अनुपमच्या बाजूने धूर’. कोणीतरी आगीचा एक व्हिडिओ पाठवला, ज्यात पाठीमागे बर्फाचे डोंगर दिसत होते. तेवढ्यात सामंतांच्या बहिणीचा कुडाळहून फोन.

“गुरू! जिवंत असस मां?”

“अगे होय.”

“मगे रडतंस कित्याक? चार स्फोट झाले म्हणान आयकलंय!”

बातमी डोंबिवलीहून कुडाळला जाईपर्यंत स्फोट दुप्पट झालेले होते.

नीरजाताईंना कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती. त्यांनी नाकावरचा नॅपकिन क्षणभर खाली घेतला.

“सुशांत, मला काही बोलायचं नाही. डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं, नाकाने घेतलं. माझी मुलगी इथे राहणार नाही. नाही म्हणजे नाही.”

“काकू, अहो रोज असं थोडंच...”

“रोज नकोच आहे. एकदा पुरे.”

“आई!” कल्पिता म्हणाली.

“तू गप्प बस. ठाण्याला घर बघायचं, उद्यापासून.”

सुशांतने मान खाली घातली. मग त्याने हळूच बापाकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, नुसतं ‘आता काय करणार बाबा’ होतं. तोंड उघडलं तर अख्ख्या सोसायटीत छी-थू! मिटून बसलं तर पोरगा ठाण्याला! आणि तोही कशापायी, तर आपल्याच टॉर्चपायी. ‘कशाला केलं रे देवा,’ ते मनातल्या मनात म्हणाले, ‘एक टॉर्च आणली असती तर काय बिघडलं असतं?’ जन्मात पहिल्यांदा त्यांना काहीतरी टाकून द्यावंसं वाटलं, आणि ते म्हणजे स्वतःचं डोकं.

“मी फायर ब्रिगेडला लावतोय!” लेले ओरडले.

आता मात्र थांबून चालणार नव्हतं. सामंत मीटरच्या खोलीपुढच्या ओट्यावर चढले आणि दोन्ही हात वर केले. “ऐका! जरा ऐका सगळे! मला सांगायचंय!”

“सामंत, नंतर! आधी तुमच्या मजल्यावरचे सगळे उतरले का बघा!”

“अहो लेले, फोन करू नका! तो स्फोट म्हणजे...”

“घाबरू नका! पाणी प्या! कोणीतरी सामंतांना पाणी द्या रे!”

कोणीतरी त्यांच्या तोंडाला बाटलीच लावली. निम्मं पाणी पोटात, निम्मं सदऱ्यावर. माणसाला एकदाच खरं बोलायची बुद्धी व्हावी, आणि जगाने त्याला पाणी पाजावं!

तेवढ्यात वॉचमन धावत आला. त्याच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला अडकवलेली एक वाकडी, काळपट, गोल वस्तू.

“साहेब! पार्किंगच्या पत्र्यावर पडलेलं! वरून आलंय!”

गर्दी मागे सरली आणि लगेच दुप्पट पुढे आली.

“बॉयलरचं झाकण!” डायवाले म्हणाले.

“एवढंसं?”

“छोट्या बॉयलरचं.”

“म्हणजे तो दुसरा आवाज याचा! बघा, कुठून कुठे उडून आलं! आपण वाचलो!”

“हात लावू नका, केमिकल असेल!”

नीरजाताईंनी ते बघितलं आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. “बघितलंस?” त्या देवरामना म्हणाल्या. “बॉयलरची झाकणं पडतात इथे. पिंपळ बघत बसली होती ती खिडकीत!”

लेलेंनी नाकावरचा पंचा घट्ट केला, हातात प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि झाकण उचलून उलटंपालटं केलं. मग थबकले. चष्मा वर केला. आपल्याकडे स्टीलचं भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेतल्याशिवाय कोणी दुकानातून हलत नाही, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

“चि. सुशांत याच्या बारशाप्रीत्यर्थ,” लेले सावकाश वाचायला लागले, “आत्याकडून सप्रेम भेट.”

पोपटसुद्धा गप्प.

“कंपनीत कोणाचं बारसं होतं?” मागून एक आजोबा म्हणाले.

सगळ्या माना एकदम सुशांतकडे वळल्या. सुशांतची मान बापाकडे वळली. सुहासिनीबाईंनी ते झाकण लेलेंच्या हातातून घेतलं आणि त्यांच्या तोंडून फक्त “माझा लाडवाचा डबा!” एवढंच आलं.

“मी तेच सांगत होतो!” सामंत ओट्यावरून ओरडले. सदरा भिजलेला, आवाज फाटलेला. “कंपनी नाही! स्फोट नाही! माझी टॉर्च होती! जुन्या लॅपटॉपचे सेल टाकले, डब्यात ठेवून चार्जिंगला लावली, फुटली! मला माफ करा!”

मग जे काही लोक बोलले ते छापण्यासारखं नाही. ओले पंचे, ओढण्या, रुमाल नाकावरून उतरले आणि हातात घेऊन पिळले गेले, आणि पिळताना प्रत्येकजण सामंतांच्या मानेकडे बघत होता. तिसऱ्या मजल्याच्या पाटणकर आजींना उचलून खाली आणलं होतं, त्यांनी तर ‘मला आता त्याच्याकडूनच उचलून वर न्या’ असा हट्ट धरला. सामंतांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आता कोणाचीच पर्वा नव्हती, कारण त्यांच्या एकदम लक्षात आलं होतं, की अरे, आपण सुटलो!

ते ओट्यावरून उतरून थेट नीरजाताईंपुढे गेले आणि हात जोडले.

“ताई, चुकलो. पण बघा, कंपनीत काही झालेलंच नाही! तो वास कंपनीचा नाही, माझा आहे! म्हणजे टॉर्चचा. हवा एकदम शुद्ध! मघाशी तुम्हीच म्हणालात ना, की वास येत नाही? आता पोरांनी इथे राहायला काही म्हणजे काही हरकत नाही!”

सुशांतच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. कल्पिता तर हसायलाच लागली होती. “खरंच की आई! कंपनी नव्हतीच!”

नीरजाताईंनी भरतकामाचा नॅपकिन काढला, नीट चार घड्या घातल्या आणि सुहासिनीबाईंच्या हातात दिला. मग सामंतांकडे बघितलं. रागाने नाही, अगदी मायेने बघितलं, आणि तेच वाईट होतं.

“सामंत,” त्या म्हणाल्या, “कंपनी काय हो, वर्षा-दोन वर्षांत कधीतरी फुटते. तुम्ही रोज घरात असणार.”

“अजून एक आहे का?” देवरामनी रिकामी बशी दाखवत विचारलं, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सामंतांनी सुशांतकडे बघितलं. पोरगा तोंडावर रुमाल धरून खांदे हलवत हसत होता. वासासाठी आता रुमालाची काही गरज नव्हती. कल्पिताही हसत होती, आणि दोघांच्या चेहऱ्यावर ठाण्याचं घर अगदी स्वच्छ दिसत होतं.

एकच आधार उरला होता. सामंत बायकोकडे वळले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

“अगं, तू तरी सांग ना यांना! एवढी वर्षं तू माझ्याबरोबर एका घरात काढलीस. तुला कधी काही झालं का? सांग, सांग त्यांना!”

सुहासिनीबाईंनी हातातल्या वाकड्या झाकणाकडे बघितलं. तिसऱ्या मजल्याकडे बघितलं, तिथे ड्राय बाल्कनीतून अजून थोडा थोडा धूर येत होता. मग खुर्ची ओढून नीरजाताईंच्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या,

“ताई, ते ठाण्याचं घर बघताय ना... खोल्या किती असतील हो त्याला?”